वळचणीखालची पाकोळीची पेटी : चार उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

ऑक्सफर्डमधल्या आमच्या घराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर, छपराच्या वळचणीखाली, २०२१ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोन कप्प्यांची एक लाकडी पेटी बसवली. तिचा, तिच्यासोबत घेतलेल्या आवाजयंत्राचा आणि कॅमेऱ्याचा हा अभिप्राय आहे. पेटी पाकोळ्यांसाठी, म्हणजे इकडे ज्याला कॉमन स्विफ्ट म्हणतात त्या पक्ष्यासाठी बनवलेली आहे. ती घेण्यापूर्वी मी बरेच अभिप्राय वाचले होते. त्यातले बहुतेक वस्तू हाती आल्यावर आठवड्याभरात लिहिलेले होते आणि लाकूड, रंग, स्क्रू एवढ्यापुरतेच होते, कारण तेवढ्या अवधीत दुसरे काही सांगता येत नाही. ज्याच्यासाठी ही पेटी घेतली त्याने ती तीन उन्हाळे पारखली आणि चौथ्या उन्हाळ्यात तिच्यात संसार थाटला, म्हणून आता लिहिते आहे.

मराठीत पाकोळी हा शब्द ऐसपैस वापरला जातो. आमच्या सातारच्या घरी आजी दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगालाही पाकोळीच म्हणत असे. पण माळ्याच्या तुळईला पिसे आणि लाळ यांचा गोळा चिकटवून राहणारा, कमरेवर पांढरा पट्टा असलेला पक्षी म्हणजे घरपाकोळी, आणि ती बारा महिने आपल्या आसपास असते. इकडची तिची बहीण आकाराने मोठी, सगळी काजळीच्या रंगाची, हनुवटीखाली तेवढी फिकट, पंख कोयत्याच्या पात्यासारखे आणि वजन सुमारे ४० ग्रॅम. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती येते आणि ऑगस्ट लागता लागता निघून जाते. दिसायला भिंगरी या पक्ष्यासारखी असली तरी भिंगरीशी तिचे नाते नाही. तिचे खरे जवळचे नातलग म्हणजे अमेरिकेतले हमिंगबर्ड.

या पक्ष्याचे हवेतले आयुष्य समजून घेतल्याशिवाय पेटी चांगली की वाईट हे ठरवताच येत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी पाकोळ्यांच्या पाठीवर चिमुकली नोंदयंत्रे बांधली आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच पक्षी घरट्यात परतल्यावर ती उतरवून वाचली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींनुसार, काही पक्षी घरटे सोडल्यापासून पुन्हा घरट्यात येईपर्यंतच्या दहा महिन्यांत एकदाही कुठे टेकले नाहीत, आणि जे टेकले त्यांचाही ९९ टक्क्यांहून अधिक वेळ उडण्यातच गेला. खाणे, पाण्याला चोच लावून उडता उडता घोट घेणे, जुनी पिसे गाळून नवी आणणे, झोपणे, हे सगळे हवेतच. तिन्हीसांजेला आणि पहाटे ते दोन ते अडीच किलोमीटर उंच चढतात. पहिल्या महायुद्धात एक फ्रेंच वैमानिक चांदण्या रात्री इंजिन बंद करून विमान तरंगत खाली आणत असताना अशाच निश्चल वाटणाऱ्या पक्ष्यांच्या थव्यातून गेला होता, अशी नोंद आहे. वेगाविषयी सांगायचे तर, लुंडच्याच संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत एका पाकोळीचा वेग ताशी जवळजवळ ११२ किलोमीटर भरला, आणि तोही सूर मारताना नव्हे, स्वतःच्या पंखांच्या बळावर सरळ उडताना. बहिरी ससाणा खाली झेपावताना याच्या कितीतरी पुढे जातो, पण त्या वेगात पृथ्वीच्या ओढीचा मोठा वाटा असतो.

इंग्लंडमधल्या पाकोळ्या हिवाळा काँगोच्या खोऱ्यावर काढतात, काही तिथून पूर्वेला मोझांबिकपर्यंत जातात आणि परतताना पश्चिम आफ्रिकेत लायबेरियाच्या परिसरावर काही दिवस रेंगाळून, पोटभर खाऊन मग उत्तरेला वळतात. लुंडच्या आणखी एका अभ्यासात वसंतातल्या या परतीच्या वाटेवर त्यांनी दिवसाला सरासरी ५७० किलोमीटर कापल्याचे आढळले. अशा पक्ष्याला वर्षभरात जमिनीची गरज फक्त अंडी घालण्यापुरती आणि पिल्ले वाढवण्यापुरती लागते. आमच्या पेटीतला एक कप्पा ४० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद आहे. तिच्या वाट्याची जमीन ती एवढीच, आणि तीही तीन महिने. म्हणून ही पेटी पारखताना मी एकच प्रश्न लावला: बनवणाऱ्याने हवेतून थेट आत शिरणारा पक्षी डोळ्यांसमोर ठेवला आहे का, की चिमण्यांची पेटी थोडी लांबट करून विकली आहे?

त्या कसोटीवर या पेटीची रचना बहुतांशी उतरते. प्रवेशाची फट समोर गोल भोकासारखी नाही; ती आडवी, ६५ मिलिमीटर रुंद, पुढच्या फळीच्या तळाशी एका टोकाला कापलेली आहे. पाकोळीची चारही बोटे पुढे वळलेली असतात आणि नखे अतिशय तीक्ष्ण असतात. तिला फांदीवर बसता येत नाही, पण उभ्या भिंतीला ती घट्ट पकडू शकते. भरधाव येऊन फटीच्या काठाला पकडायचे आणि छाती घासत आत सरकायचे, ही तिची पद्धत. त्यासाठी फटीखालची फळी खरबरीत हवी, आणि या पेटीत तिथे करवतीने बारीक आडव्या खाचा पाडलेल्या आहेत. घरट्याची जागा फटीपासून दूर, दुसऱ्या टोकाच्या अंधारात आहे आणि तिथे तळाला लाकडात कोरलेली उथळ वाटी बसवलेली आहे. ही वाटी मला या पेटीतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. पाकोळी जमिनीवरून काडीसुद्धा उचलत नाही. हवेत उडणारी पिसे, गवताचे तुकडे, फुलांच्या पाकळ्या, झाडांचा कापूस एवढेच ती गोळा करते आणि लाळेने चिकटवते. पहिल्या वर्षी तिचे घरटे म्हणजे जेमतेम एक कडे असते. सपाट तळावर त्यातून अंडी घरंगळतात, वाटीत ती घरंगळत नाहीत.

प्रवेशफटीची उंची हाच या सगळ्या मालाचा कळीचा मुद्दा आहे, आणि नेमकी तिथेच आमची फसगत झाली. फट २८ मिलिमीटर उंच असेल तर पाकोळी आत जाते, पण स्टारलिंग, म्हणजे आपल्या साळुंकीची इकडची चुलत बहीण, जाऊ शकत नाही. माहितीपत्रकातही २८ मिलिमीटरच लिहिले होते. डावा कप्पा तसा होता. उजव्या कप्प्याची फट मात्र ३२ मिलिमीटरच्या वर होती, आणि हे आम्हाला कळले ते पेटी पाच मीटरवर बसवून झाल्यावर, एका स्टारलिंगने तीन दिवसांत तो कप्पा गवताने गच्च भरल्यावर. एकदा घरटे वापरात आले की १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला हात लावता येत नाही, आणि तो लावावा असे आम्हालाही वाटत नव्हते. त्या बिचाऱ्या पक्ष्याचा त्यात काय दोष? पण पहिला हंगाम त्या कप्प्यापुरता गेला. विक्रेत्याला मोजपट्टी धरून काढलेले छायाचित्र पाठवले तर उत्तर तीन आठवड्यांनी आले, आणि बदली फळी हाती पडायला सप्टेंबर उजाडला. फळी विनामूल्य मिळाली आणि ती अचूक होती, हे मान्य करते. पण ज्या वस्तूत चार मिलिमीटरवर सगळे अवलंबून आहे ती मोजल्याशिवाय कारखान्याबाहेर पडूच नये. तुम्ही कोणाकडूनही अशी पेटी घेतलीत तरी शिडी चढण्याआधी दोन्ही फटी स्वतः मोजून पाहा.

लाकूड बर्च प्लायवूडचे, १२ मिलिमीटर जाडीचे आहे. तीन हिवाळ्यांनंतर ते कुठे वाकलेले नाही, मात्र खालच्या कडांना कारखान्यात नीट लेप दिलेला नसल्यामुळे तिथे दुसऱ्याच वर्षी पापुद्रे सुटू लागले. नवऱ्याने ऑक्टोबरमध्ये कडा घासून बाहेरच्या बाजूने पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे दोन हात दिले, त्यानंतर तक्रार राहिली नाही. पेटीला मागे आडवी पट्टी आहे, ती आधी भिंतीत बसवायची आणि मग पेटी तिच्यावर अडकवून खालून दोन स्क्रू मारायचे, ही सोय शिडीवर एका हाताने काम करणाऱ्याला फार मोलाची वाटते. जागेची निवड मात्र पेटीइतकीच महत्त्वाची आहे. पाकोळी बाहेर पडते तेव्हा आधी खाली झोकून देते आणि मग पंख हवा धरतात. म्हणून फटीखाली निदान पाच मीटर मोकळी जागा हवी, मध्ये वेल, तारा, पुढे आलेली गच्ची असे काही नको. उन्हाची बाजू टाळावी, कारण लाकडी पेटी दुपारी तापली तर पिल्ले वेळेआधी फटीशी येऊन खाली पडतात. आमच्या पूर्वेच्या भिंतीला वळचणीची सावली साडेदहापर्यंत पोहोचते, ते पुरते.

आता आवाजयंत्राविषयी. पेटी नुसती टांगून पाकोळ्या येत नाहीत. आपण जिथे जन्मलो किंवा जिथे आपल्या जातीचे आवाज ऐकू येतात तिथेच त्या घर शोधतात. म्हणून पेटीच्या तळाखाली एक छोटा भोंगा बसवायचा आणि त्यातून पाकोळ्यांच्या हाका ऐकवायच्या, ही इकडची रुळलेली रीत आहे. आमच्या संचातला भोंगा उत्तम निघाला. पाकोळीची किंकाळी फार उंच पट्टीची असते आणि स्वस्त भोंग्यातून ती पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी येते, तशी ती इथे येत नाही. त्यासोबतचा वेळदर्शक, म्हणजे ठरल्या वेळी आवाज सुरू-बंद करणारा टायमर, मात्र सुमार आहे. वीज एकदा गेली की त्याचे घड्याळ शून्यावर जाते आणि यंत्र भलत्या वेळी बोलू लागते. २०२२ च्या मेमध्ये रात्री पावणेदोनला आमच्या वळचणीखालून पाकोळ्यांचा थवा किंचाळू लागला, तेव्हा शेजारच्या वृद्ध बाई गाऊनवर कोट चढवून बाहेर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी चिरोटे घेऊन त्यांच्याकडे क्षमा मागायला गेले. त्यांनी सांगितले की त्यांच्या लहानपणी या गल्लीत खऱ्या पाकोळ्याच असा गोंगाट करीत आणि गेल्या वीस वर्षांत छपरे दुरुस्त होता होता त्या कमी होत गेल्या. त्यानंतर आम्ही वेगळा, बॅटरीचा आधार असलेला वेळदर्शक बाजारातून आणला, आणि हंगामात सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सात ते नऊ एवढ्याच वेळात आवाज ठेवला.

शेजारच्या बाईंचे म्हणणे देशभर खरे ठरले आहे. गेल्या तीसेक वर्षांत ब्रिटनमधल्या पाकोळ्या निम्म्याहून अधिक घटल्या आणि २०२१ मध्ये त्यांचा समावेश तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत झाला. हवेतले कीटक कमी झाले हे एक कारण आहेच. पण जुन्या घरांच्या छपरांखालच्या भेगा उष्णता राखण्यासाठी बुजवल्या गेल्या, हे दुसरे कारण आपल्या डोळ्यांसमोर घडते. दहा महिने आकाशात राहून आलेला पक्षी आपल्याच जुन्या भेगेवर धडकतो, तिथे नवे सिमेंट असते आणि तो पुनःपुन्हा धडकत राहतो. आमच्या गल्लीच्या टोकाला हे मी स्वतः पाहिले आहे, आणि पेटी घेण्याचा विचार तिथेच पक्का झाला.

पहिल्या उन्हाळ्यात काही झाले नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात जूनच्या अखेरीस संध्याकाळी पाच-सहा पक्ष्यांच्या टोळ्या भिंतीला घासून किंचाळत जाऊ लागल्या आणि त्यातला एखादा फटीला पंखाने टपकन थाप देऊन पुढे निघू लागला. हे अजून जोडी न जमलेले तरुण पक्षी असतात. पाकोळी साधारण चौथ्या वर्षी पहिल्यांदा पिल्ले वाढवते, त्याआधीची एक-दोन वर्षे ती अशी घरे ठोठावत फिरते, आतून किंकाळी आली नाही तर जागा रिकामी समजते. तिसऱ्या उन्हाळ्यात एक पक्षी डाव्या कप्प्यात रात्री मुक्कामाला राहू लागला, जुलैत दुसरा आला, आणि दोघांनी मिळून वाटीभोवती पिसांचे एक अर्धवट कडे चिकटवून ठेवले. पैसे वाया गेले असे ज्यांना दुसऱ्या वर्षी वाटू लागते त्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. विक्रेते जाहिरातीत तो सांगत नाहीत, आणि मला तो त्यांचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

२०२४ च्या मेमध्ये जोडी परतली. ती हिवाळाभर एकत्र नसते. प्रत्येक पक्षी आपापला आफ्रिकेवर फिरतो आणि घरट्यात येऊन भेटतो. पहिला ७ मे रोजी आला, दुसरा १२ मे रोजी. कॅमेरा कप्प्याच्या छताला बसवलेला आहे, अंधारात इन्फ्रारेड प्रकाशात पाहणारा. तारेसाठी दिलेल्या भोकातून सुरुवातीला उजेड आत येत होता, तो आम्ही आधीच लांबी (पुट्टी) भरून बंद केला होता. पाकोळीला अंधार लागतो, त्यामुळे हे काम ग्राहकावर सोडायला नको होते. चित्र मात्र सुस्पष्ट आहे. दोन पांढरी, लांबट अंडी, मग वीस दिवसांनी दोन उघडी, आंधळी पिल्ले. आईबाप घशाखालची पिशवी सुपारीएवढी फुगवून येत आणि लाळेने बांधलेला कीटकांचा गोळा पिल्लाच्या घशात सोडत. अशा एका गोळ्यात ३०० ते १,००० कीटक असतात. एकदा गोळा पिल्लाच्या चोचीतून निसटून वाटीच्या काठावर पडला. चित्र थांबवून मोठे केले तर त्यात मावा, चिलटे, पंख असलेल्या मुंग्या आणि एक इवलासा कोळी, धाग्यावर तरंगत वर गेलेला असावा, एवढे स्पष्ट ओळखता आले. थोड्या वेळाने बापाने, किंवा आईने, नर-मादी दिसायला सारखेच असतात, तो गोळा उचलून पुन्हा भरवला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात थंडी आणि पाऊस होता. दीड दिवस पेटीत कोणी आले नाही. साताऱ्याला आई रोज रात्री व्हिडिओ कॉलवर पिल्ले बघत असे. ती फार अस्वस्थ झाली. "अगं, काहीतरी कर, पाणी तरी दे त्यांना," असे ती दोनदा म्हणाली. मी तिला सांगितले ते पुस्तकात वाचलेले होते, आणि सांगताना माझाही त्यावर पुरता विश्वास नव्हता: पाऊस आला की आईबाप त्या पावसाळी पट्ट्याला वळसा घालून शेकडो किलोमीटर दूर कोरड्या हवेत खायला जाऊ शकतात, आणि तोवर पिल्ले अंगाची उष्णता उतरवून, श्वास मंद करून निपचित पडून राहतात आणि असे काही दिवस काढू शकतात. कॅमेऱ्यात ती दोन्ही एकमेकांच्या पाठीवर मान टाकून पडली होती, हालचाल नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन पडले आणि पाच वाजून चाळीस मिनिटांनी फटीत पंख खरवडल्याचा आवाज आला. मोठे पिल्लू आधी उठले.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत कॅमेऱ्याने जे दाखवले त्यासाठीच मी हा कॅमेरा पुन्हा घेईन. पिल्ले चार आठवड्यांची झाली तेव्हा आईबापांहून जाड दिसत होती. मग ती दंड काढू लागली: दोन्ही पंख तळाला टेकवायचे, अंग उचलायचे, पाय हवेत आणि काही सेकंद तसेच तोलून धरायचे. सुरुवातीला मोठ्याला दोन सेकंद जमत होते, जुलैच्या अखेरीस दहाच्या आसपास. याच दिवसांत ती आपले वजन उतरवतात. संशोधकांनी एका प्रयोगात पिल्लांच्या अंगावर बारीक वजने लावून पाहिली तेव्हा पिल्लांनी त्या हिशेबाने स्वतःचे वजन अधिक घटवले. म्हणजे पंखांच्या मानाने आपण किती जड आहोत हे त्यांना कळते. यात घाई करून चालत नाही, कारण फटीतून बाहेर पडल्यावर सराव करायला जागा नाही. आईबाप शिकवायला थांबत नाहीत. मोठे पिल्लू २६ जुलैला पहाटे पाच वाजता फटीशी आले, बावीस मिनिटे डोके बाहेर काढून बसले आणि गेले. त्या क्षणी त्याने आयुष्यात पहिल्यांदा पंख पूर्ण उघडले होते. पुन्हा एखाद्या भिंतीला त्याचे पाय लागायला कदाचित दोन-तीन वर्षे जातील. धाकटे तिसऱ्या दिवशी गेले. मी रात्री आईला फोन केला तेव्हा तिने एकच विचारले, "पडलं नाही ना कुठे?" पडले नव्हते, मी खाली अंगणात जाऊन पाहून आले होते. कोणाला असे पिल्लू जमिनीवर सापडलेच तर ते हवेत उडवून देऊ नये. खोक्यात ठेवून पक्षी सांभाळणाऱ्यांकडे न्यावे.

पैशांचा हिशेब असा झाला: पेटी ७५ पौंड, आवाजयंत्र ३८, कॅमेरा आणि तार ९०, शिवाय बदललेला वेळदर्शक १५. शिडीचे काम नवऱ्याने आणि एका मित्राने केले. उंचीची सवय नसेल तर ते काम छप्परवाल्याकडून करून घ्यावे. पेटीच्या किमतीला माझी हरकत नाही. कॅमेरा घेणे आवश्यक नाही. आवाजयंत्र मात्र जवळपास पाकोळ्यांची वस्ती नसेल तर घ्यावेच लागते, आणि वस्ती असेल तरी मी घ्या असेच म्हणेन.

नवे घर बांधणाऱ्यांनी किंवा भिंत उघडून दुरुस्ती करणाऱ्यांनी लाकडी पेटीऐवजी पोकळ विटेचा विचार करावा. ती भिंतीतच बसते, तापत नाही, रंगवावी लागत नाही आणि भिंत असेपर्यंत टिकते. अशा घरटे-विटांसाठी २०२२ मध्ये ब्रिटिश मानकही ठरले आहे, आणि प्रत्येक नव्या घरात ती वीट सक्तीची करावी या मागणीच्या याचिकेवर एक लाखाहून अधिक सह्या झाल्यावर जुलै २०२३ मध्ये संसदेत चर्चाही झाली. आमच्या शंभर वर्षांच्या विटांच्या भिंतीत भगदाड पाडणे परवडणारे नव्हते, म्हणून लाकूड. आणि ज्यांना यातले काहीच बसवता येत नाही पण पाहण्याची ओढ आहे, त्यांनी ऑक्सफर्डच्या निसर्गेतिहास संग्रहालयात यावे. तिथल्या मनोऱ्याच्या वायुविजनाच्या नळ्यांतल्या पाकोळ्यांचा अभ्यास पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी सुरू केला, तो अजून चालू आहे आणि उन्हाळ्यात तिथली घरटी कॅमेऱ्यातून बघायला मिळतात. आम्ही मुलाला पहिल्यांदा पाकोळीचे घरटे दाखवले ते तिथेच.

कोणासाठी ही पेटी योग्य नाही, तेही सांगते. एकमजली घर, खाली झाडांची दाटी, दक्षिणेची उघडी भिंत किंवा वर्षभरात पाहुणा दिसला नाही तर पेटी काढून टाकण्याचा स्वभाव, यातले काही असेल तर पैसे घालवू नयेत. महाराष्ट्रातल्या एका वाचक मैत्रिणीने ही पेटी पुण्यात चालेल का असे विचारले होते. चालणार नाही, तिकडची घरपाकोळी फटीत शिरण्यापेक्षा कमानीच्या, पुलाच्या, छताच्या उघड्या खालच्या अंगाला वसाहतीने घरटी चिकटवते, आणि तिच्यासाठी करायचे काम म्हणजे रंगकामाच्या वेळी ती घरटी खरवडून न काढणे, एवढेच आहे.

परवा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नवरा शिडीवर चढला आणि मी खाली शिडी धरून उभी होते. डाव्या कप्प्यातले घरटे आम्ही तसेच ठेवले आहे, कारण तीच जोडी त्याच कड्यावर पुढची भर घालते. तिथे कबुतराची तीन पिसे, कुठल्याशा गुलाबाची वाळलेली पाकळी आणि पाकोळीच्या अंगावर राहणाऱ्या चपट्या, पंख नसल्यासारख्या माशीचे चार काळे कोष होते. कोष मी चिमट्याने काढले, बाकी काही हलवले नाही. उजव्या कप्प्यात स्टारलिंगनंतर कोणी आलेले नाही, पण यंदा जुलैत त्याच्या नव्या फळीवर धुळीत नखांचे बारीक ओरखडे उमटलेले दिसले. भोंगा त्या बाजूला सरकवून ठेवला आहे. वेळदर्शकाची बॅटरी बदलायची आहे, आणि ५ मेपासून तो सुरू करायचा असे स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहे.